श्रवण कानांचे की चित्ताचे?

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. मग ज्याला जन्मतः ऐकू येत नाही, त्याला पहिल्याच पायरीवर अडवायचे काय? माउली, श्रवणाचे फळ बोध आहे. हातांच्या खुणांतून अर्थ चित्तात उतरला, तर तेही श्रवणच होय.

कर्णबधिर वारकरी दिंडीत चालतो, रिंगण डोळे भरून पाहतो. निरूपण सुरू झाले की मात्र गर्दीत एकटा पडतो. त्याची सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ पासून दिल्लीत सरकारी संस्था आहे, तिच्या कोशात दहा हजारांहून अधिक शब्द आहेत.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत सांगितला. ज्यांना संस्कृत कळत नव्हते, त्यांनी आधी ते शिकून यावे, असे ते म्हणाले नाहीत. अर्थ पोचविण्याचे ऋण सांगणाऱ्याने आपल्या शिरी घेतले. आज ते ऋण आपल्याकडे आहे. वाटेवर पाणी, भाकरी, औषध यांची सेवा आपण करतोच. तशीच कीर्तनकाराशेजारी, उजेडात, सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा करावा, कर्णबधिरांना पुढे बसवावे. फडातल्या चार तरुणांनी ती भाषा शिकली, तर तीही विठ्ठलाचीच सेवा.

रामकृष्णहरी.