कोठीची किल्ली

ज्येष्ठ लागताच आमच्या दिंडीची बैठक झाली. भिशी, ट्रकचे भाडे, तंबूंची डागडुजी हे दरवर्षीचे विषय अर्ध्या तासात उरकले. मग एक विषय निघाला आणि रात्रीचे बारा वाजले. गावातला एक जण चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून परत आला आहे. गेल्या वर्षी त्याने माळ घातली आणि लोणंदपासून पंढरीपर्यंत आमच्याबरोबर चालला. यंदा कोठी सांभाळणारे बाबा गुडघ्यांमुळे येणार नाहीत. बाबाच म्हणाले, "किल्ली त्याच्याकडे द्या." कोठी म्हणजे दिंडीचा शिधा, भिशीचे पैसे आणि म्हाताऱ्या माउल्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या चंच्या. काहींनी होकार भरला, काहींनी मान खाली घातली. मी मान खाली घालणाऱ्यांत होतो.

"माणूस मुळात चांगला की वाईट, ते आधी सांगा," असे एक जण चिडून म्हणाला. घरी येऊनही तो प्रश्न सुटेना.

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी चीनमधली राज्ये एकमेकांशी सतत लढत होती. राजाने प्रजेला कसे वागवावे हे सांगणारे विचारवंत दरबारोदरबारी फिरत. प्रजा कशी आहे हे ठरल्याशिवाय ते सांगता येत नव्हते. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस म्हणे, माणूस मुळात चांगला आहे. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले की कोणाच्याही काळजात धस्स होते. त्या क्षणी तो नफा-तोटा पाहत नाही. मग माणसे बिघडतात कशी? त्याने एका डोंगराची गोष्ट सांगितली. डोंगर झाडीने भरलेला होता, पण शहराजवळ असल्यामुळे रोज कुऱ्हाडी चालल्या. जे कोंब फुटले ते गुराढोरांनी खाल्ले. पुढे उघडा डोंगर पाहून लोक म्हणू लागले, इथे झाडे कधी नव्हतीच. आपल्या माण-खटावच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. राज्यकर्त्यांना त्याचे सांगणे रोखठोक होते: ज्याच्या पोटाची शाश्वती नाही त्याचे मनही स्थिर राहत नाही. आधी त्याला तसे ठेवायचे आणि मग गुन्हा केला म्हणून दंड करायचा, हे प्रजेसाठी जाळे लावून बसणे झाले.

त्याच परंपरेतला श्युन्झी नंतर आला आणि नेमके उलटे बोलला. माणसाची प्रकृती वाईट. वाकडे लाकूड वाफ देऊन, दाबून सरळ करावे लागते. पण तो निराश नव्हता. गुरू आणि आचाराचे नियम मिळाले तर रस्त्यावरचा कोणीही थोर पुरुष होऊ शकतो, असे तो म्हणे. मला त्याच्या या म्हणण्यात आपली वारी दिसते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचे म्हणणे ऐकले जाते. लाठी नाही, फौजदार नाही. रांग, नेम, क्रमांक आणि वर्षानुवर्षांची सवय एवढ्यावर हे सगळे चालते.

श्युन्झीचा शिष्य हान फेई मात्र पुढे निघून गेला. आपोआप सरळ वाढलेल्या लाकडाची वाट पाहाल तर शंभर पिढ्यांत एक बाण होणार नाही, असे त्याचे मत. माणसाच्या चांगुलपणावर राज्य उभारू नका. बक्षीस आणि शिक्षा या दोन मुठी हातात घट्ट धरा. चिन राज्याने हा मार्ग धरला आणि इ.स.पू. 221 मध्ये सगळा चीन एक केला. पंधरा वर्षांत ते साम्राज्य कोसळले. खुद्द हान फेई त्याआधीच चिनच्या तुरुंगात विष पिऊन मेला होता.

चीन दूर राहू द्या. आपल्या मातीतच हे पडताळून झाले आहे. औंध संस्थानाची गावे आजच्या सातारा-सांगली भागात विखुरलेली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार लोकांच्या पंचायतींकडे सोपवला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. पुढे निसर्गदत्त महाराजांची निरूपणे इंग्रजीत आणली तेच हे. शिक्षा भोगणारे कैदी तिथे उंच भिंतीशिवाय राहत, शेती करत आणि बायकामुलेही जवळ असत. माडगूळच्या गदिमांनी यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सर्वांना आठवतो. ती वसाहत अजून चालू आहे हे थोड्यांना ठाऊक असते.

आणि याच मुलखात, पाचेक वर्षांच्या आत, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र, आणि कुंडल औंध संस्थानातलेच! तिथे गावोगाव न्यायमंडळे होती, पण दरोडेखोरांना आणि गोरगरिबांना नाडणाऱ्यांना पायाच्या तळव्यांवर मारही होता. त्या मारामुळे रात्री निवांत झोपता आले, असे सांगणारी म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांना हान फेई चूक होता म्हणून सांगण्याची माझी छाती नाही.

बैठकीत एक जण म्हणाला होता, राजाने विश्वास टाकला तो स्वतःच्या राज्यावर. आपण टाकणार तो दुसऱ्यांच्या चंच्यांवर. हा मुद्दा मला अजूनही खोडता येत नाही. दुसऱ्याच्या ठेवीवर आपण उदार होणे सोपे असते. बाबा मात्र एवढेच म्हणाले, "माळ घालताना आपण कोणाला आधी चांगला हो म्हणतो का?" खरेच आहे. माळ आधी गळ्यात येते; एकादशी, वारी, शुद्ध आहार हे नेम तिच्या मागून येतात. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. त्यात मेन्शियस आणि श्युन्झी दोघेही बसतात.

पण रात्री मला टोचले ते वेगळेच. स्वतंत्रपुरात कैद्याला नुसता विश्वास दिला नव्हता. जमीन दिली, घर दिले, काम दिले. आमचा माणूस तुरुंगातून आल्यापासून गावात कोणी त्याला कामावर बोलावलेले नाही. मीही नाही. माझ्या मळ्यात मजूर मिळत नाहीत म्हणून मी चार जणांपुढे तक्रार करतो आणि त्याच्या दारावरून जातो. कुऱ्हाड आमच्याच हातात, आणि डोंगराला झाडे होती की नाही याची चर्चा आम्हीच रात्री बारापर्यंत करणार!

निर्णय झाला नाही. येत्या एकादशीला पुन्हा बैठक आहे. तोवर बाबांनी किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. परवा सकाळी त्याच्या दारात थांबलो आणि उसाला भर लावायला येशील का म्हणून विचारले. त्याने हजेरी किती ते विचारले, आणि खोरे घेऊन आला.