भुंग्याचें बिऱ्हाड

आपल्या आवारांत मधमाशांस थारा द्यावा, हें आतां सुशिक्षितांस पटूं लागलें आहे. पण थारा कोणत्या माशीस? पेटी आणावी, सातेरी माशी पाळावी आणि हंगाम आला कीं मध काढावा, यांत भूतदया थोडी व गृहव्यवस्था अधिक. जगांत माशांच्या या कुळांत २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांत मधाचा सांठा करणाऱ्या थोड्याच. वाळलेला बांबू पोखरून राहणारा काळा भुंगा याच कुळांतला. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी माशी, जमिनींत बीळ करून अंडीं घालणाऱ्या माशा, याही त्याच्याच सगोत्र. यांस राणी नाहीं, पेटी नाहीं, आणि आपणांस द्यावयास मधही नाहीं.

वांग्याच्या फुलांतील पराग केसरांच्या टोंकाशीं असलेल्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडतो. भुंगा तें फूल धरून अंग थरथरवितो, तेव्हां तो सांडतो. सातेरीस ही विद्या येत नाहीं. परंतु भुंग्याचा हक्क या उपयोगावर टेकविला, तर न्याय वांग्यांच्या बाजारभावानें ठरेल! खरेदीखतावर विकणाऱ्याची व घेणाऱ्याची सही असते. बिळांत राहणाऱ्याची संमति कोणी विचारली?

कर्तव्य तसें हलकें आहे: अंगणाचा एक कोपरा फरशीवांचून ठेवणें, वठलेली फांदी लगेच न जाळणें, फुलांवर आलेल्या झाडांवर औषध न फवारणें. उघडी माती शेजाऱ्यांस गलिच्छ वाटते, एवढाच काय तो त्रास. आणि भुंगा घराच्या तुळईसच लागला तर? तुळईस रंग द्यावा, व परसांत त्याच्यासाठीं एक सुका बांबू बांधून ठेवावा.