शरदाची लहर

शरद ऋतूची कीर्ति आमच्याकडे संस्कृत कवींनीं करून ठेविली आहे. निरभ्र आकाश, निवळलेलें पाणी आणि दुधासारखें चांदणें, एवढें सांगितलें कीं त्यांचा शरद पुरा झाला. पुण्याचा शरद ज्यांनीं भोगला आहे, त्यांस हें वर्णन अर्धेंच खरें वाटेल. येथें आश्विनांत दोनप्रहरीं ऊन असें लागतें कीं, वैद्यांनीं या ऋतूला आपली आई कां म्हटलें तें कळून यावें. आणि चारच्या सुमारास पाहतां पाहतां आभाळ काळवंडून कोथरुडांत रस्त्यांचे ओढे होत असतां हडपसरांत धूळ उडत असते. नैर्ऋत्येचा पाऊस माघार घेऊं लागला म्हणजे वारे पूर्वेकडून वाहतात, ओली जमीन तापते, आणि एकेक ढग आपल्यापुरता गर्जून रिकामा होतो. हवामानखात्याचें कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. म्हणजे भाकितें करणारे आमचे शेजारीच झाले. आज त्यांच्या हाताशीं उपग्रह आहेत. तरी उद्यां कोणत्या पेठेंत किती वाजतां सर येईल, हें सांगणें त्यांसही कठीणच!

आम्हांला ही लहर आवडते. पण ती आवडण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो उडवून लावण्यासारखा नाहीं. आम्ही खिडकींत बसून ज्या सरीचें कौतुक करितों, तीच मावळांत कापणीला आलेला भात आडवा करिते, आणि दसऱ्यासाठीं राखलेला झेंडू शेतांतच काळा पाडते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास पूर आला. शहरांत व आसपास वीसांहून अधिक माणसें गेलीं. कित्येक ओढ्याकाठच्या वस्तींतलीं होतीं. विजांची शोभा पाहणारे आणि भिंतीखालीं सांपडलेले एकाच पावसांत होते.

सौंदर्याला पापपुण्य नसतें, असें म्हणून कांहीं रसिक मोकळे होतात. आम्हांस ती सुटका फार स्वस्त वाटते. शिवाय त्या रात्रीचा सगळा दोष आभाळाच्या लहरीवर घालणें हीही एक लबाडीच. पाणी आभाळानें ओतलें, पण ओढ्याचें पात्र आवळलें तें माणसांनीं.

मग मुळीं आनंदच मानूं नये काय? ज्यांचें नुकसान होतें त्यांनींही असें कधीं मानलेलें नाहीं. हस्त नक्षत्र लागलें कीं पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावा, ही हादग्याची चाल शेतीवर जगणाऱ्या समाजाची आहे. पाऊस पीक देतो व नेतो, हें त्या समाजाला आमच्याहून चांगलें ठाऊक होतें. आमच्या मतें भेद आवडणें आणि मागणें यांत आहे. आली सर दाराशीं उभें राहून पाहावी. ती यावी असें मात्र शेजाऱ्याच्या खळ्याकडे पाठ करून म्हणूं नये. उलट, दिवाळीची खरेदी भिजली म्हणून जो पावसाला शिव्या देतो, तोही आभाळ आपल्यासाठींच टांगलें आहे असें धरून चालतो. लहरी हवेची आम्हांस गोडी आहे ती याच कारणानें कीं, ती आमच्या बेतांस विचारीत नाहीं. कचेरीची वेळ, गाडीची वेळ, मुलांच्या परीक्षेची तारीख, या साऱ्यांत तेवढी एकच गोष्ट आमच्या वहींत मांडलेली नसते.

कोजागिरीला गच्चीगच्चीवर दूध आटत असतें आणि नेमका त्याच वेळीं चंद्रापुढें ढग येतो. कोणी म्हणतें खालीं चला, कोणी म्हणतें थोडें थांबा. थांबणाऱ्यांत ज्याचा भाऊ गांवीं भाताची राखण करीत बसलेला असतो, तो चंद्र शोधीत नाहीं; तो मावळाच्या बाजूला वीज चमकते काय, तें पाहत असतो.