संघ कोणाच्या हाती द्यावा?

हरत चाललेल्या एका संघाला नवा प्रशिक्षक हवा आहे. निवड करणाऱ्यांसमोर तीन माणसे आहेत. पहिला आपलाच जुना लाडका खेळाडू, घरचा माणूस. दुसरा अनुभवी, सज्जन, नाव अगदी स्वच्छ. तिसरा त्या विद्येत सर्वांत निष्णात, परंतु नावाला डाग लागलेला. कोणाला निवडावे? वरवर पाहता प्रश्न खेळाचा आहे, पण थोडे खोलात गेलो की तो नीतीचा होतो. शिवाय तो काल्पनिक नाही. न्यूयॉर्क शहरातील सेंट जॉन्स या कॅथोलिक विद्यापीठाने २०१५ ते २०२३ या काळात आपल्या बास्केटबॉल संघासाठी अशी तिन्ही माणसे एकामागून एक निवडली. त्या निवडींवर आज थोडे चिंतन करू या.

हे विद्यापीठ विन्सेंशियन धर्मगुरूंनी १८७० साली ब्रुकलिनमध्ये स्थापन केले. परदेशातून पोटासाठी आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांना शिक्षण मिळावे, अशी तेथील बिशपांची इच्छा होती. ज्यांच्या नावाची सोसायटी अनेक धर्मग्रामांत गरिबांच्या मदतीला धावते, त्या संत विन्सेंट डी पॉल यांनी १६२५ साली स्थापन केलेला हा संघ. म्हणजे विद्यापीठाचा जन्मच दुर्बलांच्या सेवेसाठी झाला.

अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल संघ म्हणजे संध्याकाळी मैदानावर जमणारी चार पोरे नव्हेत. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक कॉलेजे खेळतात आणि मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांतून केवळ ६८ संघ घेतले जातात. ती स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवण्याच्या हक्कांसाठी २०१६ साली आठ वर्षांचा वाढीव करार झाला, तो ८.८ अब्ज डॉलर्सचा. अनेक मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षकाचा पगार विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा जास्त असतो. इतका पैसा आणि इतकी प्रतिष्ठा पणाला लागली की निवड करणाऱ्यांचा विवेकही पणाला लागतो.

सेंट जॉन्सने चांगले दिवस पाहिले होते. १९८५ साली राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत तीन संघ कॅथोलिक विद्यापीठांचे होते: सेंट जॉन्स, जॉर्जटाउन आणि व्हिलानोव्हा. विजेतेपद मिळाले व्हिलानोव्हाला. पोप लिओ चौदावे यांनी १९७७ साली पदवी घेतली ती याच विद्यापीठातून. त्या काळी सेंट जॉन्सचे प्रशिक्षक होते लू कार्नेसेका, इटालियन स्थलांतरितांचे पुत्र. त्यांनी २४ हंगाम संघ सांभाळला, ५२६ सामने जिंकले आणि एकाही हंगामात हंगामानंतरच्या स्पर्धेची संधी हुकू दिली नाही. १९९२ साली ते निवृत्त झाले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, ते प्रभूघरी गेले.

त्यांच्यानंतर मात्र संघाची घसरण सुरू झाली. २०२३ पर्यंत सात प्रशिक्षक आले आणि गेले. २००० सालानंतर राष्ट्रीय स्पर्धेत या संघाने एकही सामना जिंकला नव्हता.

२०१५ साली विद्यापीठाने ख्रिस मलिन यांना आणले. १९८५ च्या त्या संघाचे ते नायक होते आणि न्यूयॉर्कचा लाडका मुलगा. त्यापूर्वी ते कोठेही प्रशिक्षक नव्हते. चार वर्षांत त्यांनी ५९ सामने जिंकले, ७३ हरले. उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. आपल्या माणसावरील माया हा सुंदर गुण आहे, परंतु माया म्हणजे निवडीचा निकष नव्हे.

२०१९ साली माइक अँडरसन आले. १७ वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या या माणसाच्या संघाने एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त पाहिले नव्हते. सेंट जॉन्सलाही चार वर्षांत त्यांनी ६८ विजय मिळवून दिले, ५६ पराभव झाले. येथेही तोट्याचा हंगाम एकही नाही. परंतु राष्ट्रीय स्पर्धेचे दार एकदाही उघडले नाही आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. येथे क्षणभर थांबायला हवे. हरण्यापेक्षा जास्त जिंकणारा माणूस अपयशी कसा ठरला? कारण माप बदलले होते. ‘ठीक चालले आहे’ एवढ्यावर आता कोणाचे समाधान नव्हते. निवडणाऱ्याने माणूस मोजण्याआधी आपली मोजपट्टी तपासावी, ती अशासाठी.

मग २० मार्च २०२३ रोजी तिसरे नाव जाहीर झाले: रिक पिटिनो, वय ७०. केंटकी विद्यापीठाला १९९६ साली आणि लुईव्हिल विद्यापीठाला २०१३ साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. पण लुईव्हिलमध्ये त्यांच्याच हाताखालच्या एका कर्मचाऱ्याने, संघात यावे म्हणून बोलावलेल्या कोवळ्या मुलांसाठी आणि खेळाडूंसाठी, वसतिगृहात नाचणाऱ्या व देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणल्याचे उघडकीस आले. २०१८ साली ते २०१३ चे विजेतेपद काढून घेण्यात आले. त्याआधी २०१७ साली एका खेळाडूच्या कुटुंबाला पैसे देण्याच्या दुसऱ्या प्रकरणात चौकशी सुरू झाली आणि पिटिनो यांची नोकरी गेली. दोन्ही वेळा आपल्याला काही माहीत नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाने दुसऱ्या प्रकरणात त्यांना कोणतीही शिक्षा केली नाही. मधल्या काळात ते ग्रीसमध्ये आणि नंतर आयोना या छोट्या कॅथोलिक विद्यापीठात काम करीत होते. सेंट जॉन्सचे अध्यक्ष फादर ब्रायन शॅन्ली, डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू, यांच्या कारकिर्दीत त्यांना बोलावणे आले.

अशा वेळी दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, “प्रशिक्षकाचे काम जिंकून देणे, बाकी चौकशा कशाला?” दुसरा म्हणतो, “एकदा डाग लागला तो लागला, अशा माणसाला दारात उभे करू नये.” पहिला आवाज विसरतो की प्रशिक्षकाच्या हाती चेंडूबरोबर अठरा-वीस वर्षांची मुलेही दिलेली असतात. दुसरा विसरतो की कोणाही माणसाला त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून कायमचे मोजले, तर आपल्यापैकी कोणीच उभे राहू शकणार नाही.

आपण ख्रिस्ती माणसे येथे तिसरा शब्द उच्चारतो: क्षमा. पण क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार सहज होते. क्षमा करणे हे आपले कर्तव्य आहे. ती मागणाऱ्याची पात्रता मोजून देता येत नाही. पद मात्र कोणाचाही हक्क नाही. ते दुसऱ्यांच्या भल्यासाठी दिलेले असते. पैशांची अफरातफर केलेल्या खजिनदाराला मनापासून क्षमा करता येते, आणि तरीही पेटीची किल्ली दुसऱ्याकडे देता येते. त्यात विसंगती नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तरी कळप त्याच्याच स्वाधीन झाला हे खरे. परंतु त्याआधी त्याला तीनदा प्रश्न विचारला गेला, आणि प्रत्येक उत्तरानंतर सांगितले गेले ते मेंढरांविषयी. विश्वास परत मिळाला तो कळपासाठी, पेत्राच्या मानासाठी नव्हे.

‘मला माहीत नव्हते’ हे उत्तरही याच काट्यावर तोलले पाहिजे. ते खरे असू शकते. परंतु ज्याच्या घरात शंभर गोष्टी त्याच्या इशाऱ्यावर चालतात, त्याला एकशे एकावी कशी कळली नाही, हे विचारण्याचा अधिकार मुलांच्या आईवडिलांना आहे. कॉलेज क्रीडा संघटनेचा नियमही हेच सांगतो की हाताखालच्या माणसांच्या वर्तनाला मुख्य प्रशिक्षक उत्तरदायी आहे. वडीलधारेपण म्हणजे माहीत करून घेण्याची जबाबदारी.

पुढे काय झाले? पिटिनो आल्यावर जुने बहुतेक खेळाडू दुसऱ्या कॉलेजांत गेले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. २०२१ पासून खेळाडूंना कॉलेज बदलणे सोपे झाले आहे. पण ज्या दाराने खेळाडू मोकळेपणी बाहेर पडतो, त्याच दाराने नको असलेल्या मुलाला बाहेरची वाट दाखवणेही सोपे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका पराभवानंतर पिटिनो यांनी पत्रकारांसमोर आपल्याच खेळाडूंची नावे घेऊन त्यांच्या मंद चालीवर बोट ठेवले. त्यावर टीकाही झाली. नंतर संघ जिंकू लागला. २०२४-२५ च्या हंगामात ३१ विजय, केवळ ५ पराभव. १९८५ नंतर प्रथमच बिग ईस्ट या आपल्या गटात संघ एकटा अव्वल आला, गटाची स्पर्धाही २००० नंतर प्रथमच जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत पहिला सामना जिंकून दुसऱ्या सामन्यात आर्कान्सासकडून हरला.

म्हणजे निवड योग्य होती का? ३१ विजय या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. संघ हरला असता तर तीच निवड अनीतीची झाली असती का? निवडणाऱ्यांना त्या दिवशी निकाल ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो माणूस, त्याचा भूतकाळ, आणि ती मुले. म्हणून निवडीचा न्याय त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांवरून करावा लागतो. ज्यांना या निवडीत मत नाही, त्यांचा विचार कोणी केला का? जाणाऱ्या मुलाचे शिक्षण अर्धवट राहणार नाही, हे कोणी पाहिले का? नव्या माणसाच्या हाताखाली काय चालले आहे, हे पाहायला कोण जाणार, किती वेळा जाणार, आणि संघ जिंकत असतानाही जाणार का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण हरणाऱ्या माणसावर सगळेच लक्ष ठेवतात. विजयाच्या जल्लोषात मात्र राखणदाराला झोप लागते.

या खेळाच्या जन्माची एक गोष्ट येथे आठवते. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लावला. ते ईशज्ञान शिकलेले होते आणि तरुणांच्या शरीराबरोबर त्यांचे चारित्र्यही घडावे, ही त्यांची तळमळ होती. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांनी ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले प्रशिक्षक एकच, आणि ते म्हणजे ज्यांनी हा खेळच जगाला दिला ते गृहस्थ! आजच्या मोजपट्टीने त्यांना केव्हाच घरी पाठवले असते.

आपल्यासमोरही निवडीचे प्रसंग येतातच. युवक मंडळाचा प्रमुख, पतपेढीचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक, धर्मग्राम मंडळाचे सदस्य. ‘आपला माणूस’, ‘भला माणूस’ आणि ‘काम करणारा माणूस’ अशी तीन नावे तेथेही पुढे येतात. त्यांतून कोणाला घ्यावे याचे तयार उत्तर कोणाजवळ नाही. पण हात वर करण्यापूर्वी, या निवडीचा भार ज्यांच्या खांद्यावर पडणार आहे त्यांचे चेहरे आपण डोळ्यांसमोर आणू या. आणि हात खाली घेतल्यावर आपले काम संपले असे न समजता, निवडलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहू या, आणि त्याच्यावर लक्षही ठेवू या. या दोन्ही गोष्टी एकाच प्रेमाच्या आहेत.