कामगाराच्या भावात गाडी

जून २००५मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला एक साधी गोष्ट सांगितली : आमचा कामगार ज्या भावात गाडी घेतो, त्याच भावात आता तुम्हीही घ्या. घासाघीस नको, ओळखपाळख नको. लोक शोरूममध्ये धावले. त्या एका महिन्यात कंपनीची अमेरिकेतली विक्री आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढली. फोर्ड आणि क्रायस्लर यांनी जुलैत तोच मार्ग धरला. डीलरांच्या यार्डात उन्हापावसात उभ्या असलेल्या गाड्या भराभर हलल्या, आणि डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांवरचं संकट टळलं असं काही आठवडे वाटलंही.

वर्षअखेरीचा हिशेब लागला तेव्हा जनरल मोटर्सचा तोटा १०.६ अब्ज डॉलर निघाला. चार वर्षांनी, १ जून २००९ रोजी, कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला.

या दोन जून महिन्यांमधल्या काळाकडे मी वारंवार वळते. दरवर्षी दसरा जवळ आला की आपल्याकडेही वर्तमानपत्राची पानं गाड्यांवरच्या सवलतींनी भरतात : रोख सूट, एक्स्चेंज बोनस, पहिल्या वर्षाचा विमा मोफत. ती पानं उलटताना मला तो ‘कामगाराचा भाव’ आठवतो. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा सभासद दिवाळीत सवलतीची साखर घरी आणतो. त्या पिशवीत वाचलेल्या पैशांहून अधिक काही असतं. हा कारखाना आपला आहे, याची ती खूण असते. मिशिगनमधल्या कामगार वस्त्यांत गाडीवरची सवलत तशीच होती. निवृत्त वडिलांना, मुलाला, सुनेला ती मिळे. उद्या एखाद्या कारखान्याने सभासदाच्या भावात साखर साऱ्या बाजाराला वाटायला काढली, तर बाजार खूश होईल. पण सभासदाच्या पोटात गोळा यायला हवा. कारण तो भाव परवडतो म्हणून दिलेला नसतो. गोदाम भरलंय आणि गाळप थांबवता येत नाही, म्हणून दिलेला असतो.

मंडईत संध्याकाळी भाजीवाली मेथीची जुडी निम्म्या भावात देऊन टाकते. उद्या ती कोमेजेल, हे तिला ठाऊक असतं. तिचा व्यवहार शहाणपणाचा आहे, आणि त्या शहाणपणाचा दुसरा भाग असा की दुसऱ्या दिवशी ती जुड्याच कमी आणते. जनरल मोटर्सला नेमकं हेच करता येत नव्हतं. गाड्या कमी बनवाव्यात तर कामगाराचा पगार कमी होत नव्हता. १९८४पासून युनियनशी झालेल्या करारांनुसार काम नसलेल्या कामगारालाही जवळजवळ पूर्ण पगार द्यावा लागे. निवृत्तांचं पेन्शन आणि औषधपाणी तर उत्पादनाशी जोडलेलंच नव्हतं. नुसत्या आरोग्यखर्चाचा भार त्या काळात गाडीमागे दीड हजार डॉलरच्या आसपास होता. लाइन बंद ठेवली तरी हे सगळं देणं चालूच. मग पत्रा, टायर, काच यांचे पैसे सुटून वर थोडं उरलं, तरी गाडी बनवून विकलेली बरी, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. महिन्यामागून महिना हाच हिशेब करत गेल्यावर कंपनी कुठे पोचते, ते त्या कागदावर दिसत नव्हतं.

या देण्याचं खापर सरसकट कामगारांवर फोडण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. पेन्शन आणि विमा ही कंपनीने भरभराटीच्या वर्षांत, १९५०च्या गाजलेल्या करारापासून, स्वतः सही करून दिलेली वचनं होती. संप टळावा, लाइन चालू राहावी, यासाठी आजची पगारवाढ थोडी आवरून उद्याचं वचन देणं तेव्हा व्यवस्थापनाला सोयीचं वाटलं. कामगाराने ते वचन पगाराचाच भाग म्हणून स्वीकारलं आणि त्या भरवशावर आयुष्य बेतलं. उद्या उजाडल्यावर ते देणं जड झालं, यात कामगाराची चूक काय?

आणि बाजारपेठेतल्या हिश्शाचा हट्ट होता. १९६०च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या या एका कंपनीच्या असत. २००२ साली कंपनीचे अधिकारी कोटावर ‘२९’ हा आकडा कोरलेली पिन लावून फिरत होते; २९ टक्के हिस्सा मिळवायचा, हे त्यांचं ध्येय होतं. २००५मध्ये तो हिस्सा २६ टक्क्यांच्या आसपास आणि २००८मध्ये २२च्या आसपास होता. नफ्याचा आकडा त्या पिनवर का नव्हता, असा प्रश्न मला पडतो. आपण किती मोठे आहोत याची सवय लागलेल्या माणसाला लहान होणं म्हणजे मरण वाटतं. त्या लहान होण्यातच जगण्याची वाट असू शकते, हे त्याला दिसत नाही.

गिऱ्हाईक मात्र थांबायला शिकत होतं. हा धडा डेट्रॉइटने आधीही एकदा शिकवला होता. साठ-सत्तरच्या दशकांत क्रायस्लर डीलरची मागणी नसतानाही गाड्या बनवून मोकळ्या मैदानांत उभ्या करून ठेवी. त्या साठ्याला कंपनीत ‘सेल्स बँक’ म्हणत. महिना संपत आला की कंपनीची माणसं डीलरांना फोन करकरून त्या गाड्या खपवत, भाव पाडत. डीलरांनी यातून एकच बोध घेतला : महिनाअखेरीपर्यंत थांबायचं. जानेवारी १९७५मध्ये क्रायस्लरने थेट गिऱ्हाइकालाच २०० ते ४०० डॉलर परत देण्याची जाहिरात केली आणि थांबण्याची ती विद्या घराघरांत पोचली. पाच वर्षांनी क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांसाठी सरकारची हमी घ्यावी लागली.

जनरल मोटर्सने ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर बिनव्याजी कर्जाची योजना काढली. देश सुन्न होऊन बसला होता, शोरूम ओस पडले होते. त्या क्षणी ते धाडसाचं आणि योग्य पाऊल होतं, असं मी आजही म्हणेन. औषध म्हणून दिलं ते. पण ते बंद करायची वेळ कधी आलीच नाही. दर तिमाहीला नवी योजना, आधीच्यापेक्षा थोडी मोठी. चार वर्षांत गिऱ्हाइकाच्या मनात गाडीवर छापलेल्या किमतीला काही अर्थच उरला नाही, आणि शेवटी ‘कामगाराचा भाव’ काढावा लागला.

या सवलतीची किंमत आणखी एकाने मोजली, ज्याचा विचार जाहिरात करताना कोणी केला नसावा. मे २००५मध्ये जो माणूस तेव्हाच्या किमतीला गाडी घेऊन गेला, त्याची गाडी जूनमध्ये आणखी स्वस्त झाली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडतोच. मग त्याच्या डोक्यावरचं कर्ज गाडीच्या मोलाहून मोठं होतं, ती मोडून त्याला नवी घेता येत नाही, आणि पुढच्या वर्षीचं एक हक्काचं गिऱ्हाईक कंपनीने आपल्याच हाताने घालवलेलं असतं.

२००५चा उन्हाळा सरला. कत्रिना वादळानंतर पेट्रोल भडकलं, आणि ज्यांना त्या वर्षात गाडी घ्यायची होती त्यांनी ती जून-जुलैतच घेऊन टाकली होती. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सची विक्री आदल्या वर्षापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक घसरली. तिला सुटे भाग पुरवणारी डेल्फी त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं, ३० हजार नोकऱ्या कमी करणार. कामगाराचा भाव साऱ्या देशाला दिला, त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी कंपनीने आपल्या कर्जपुरवठा शाखेतला ५१ टक्के हिस्सा विकला. नफा देणारा तो घरातला हुकमी धंदा होता. २००८च्या मंदीत सगळेच होरपळले. टोयोटालाही मार्च २००९ला संपलेल्या वर्षात तोटा झाला. पण टोयोटा त्या वादळात गाठीशी पैसा ठेवून शिरली होती. जनरल मोटर्सपाशी काही उरलं नव्हतं. अमेरिकन सरकारने तिच्यात सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, त्यांतले ११ अब्जांहून अधिक परत आले नाहीत.

आपल्याकडच्या गाडीबाजाराची घडण वेगळी आहे. इथे कंपनीच्या लेखी गाडी डीलरकडे रवाना झाली की विकली गेली. दर महिन्याला कंपन्या जाहीर करतात ते बहुतेक आकडे या रवानगीचे असतात. गाडी खरी घरी गेली का, ते आरटीओच्या नोंदणीवरून कळतं. या दोन आकड्यांच्या मधे डीलरचं यार्ड असतं, आणि यार्डातल्या प्रत्येक गाडीवर बँकेचं व्याज चढत असतं. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस डीलरांच्या देशव्यापी संघटनेने सांगितलेला आकडा होता ७ लाख ८० हजार गाड्या, किंमत ७७,८०० कोटी रुपये. सत्तर-पंचाहत्तर दिवस पुरेल एवढा तो साठा. त्या दसरा-दिवाळीत भाच्याबरोबर मी गाडी बघायला गेले होते. सवलत भरघोस होती. मी विक्रेत्या मुलाला गाडीच्या उत्पादनाचा महिना विचारला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मार्च, मॅडम.” मार्च ते ऑक्टोबर. सात महिने ती गाडी कुठे ना कुठे उभी होती, आणि त्या उभं राहण्याचे पैसे कोणीतरी भरत होतं. मुलाचं वय चोविशीच्या आसपास असेल. २०१९च्या मंदीत तीन महिन्यांत सुमारे दोन लाख नोकऱ्या डीलरांकडे गेल्या, असं त्याच संघटनेने तेव्हा सांगितलं होतं. त्या बहुतेक अशाच मुलांच्या.

जनरल मोटर्सचं आणि आपलं नातं मात्र नुसत्या तुलनेचं नाही. पुण्याजवळ तळेगावला या कंपनीचा कारखाना सप्टेंबर २००८मध्ये सुरू झाला, अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळण्याच्या अवघे काही दिवस आधी. मावळातली, आसपासच्या तालुक्यांतली, मराठवाड्यातून आलेली आयटीआय झालेली मुलं तिथे लागली. त्यांनी शेव्हरले स्पार्क बनवली, बीट बनवली. भारतातला हिस्सा एक टक्क्याच्याही खाली गेला तेव्हा, मे २०१७मध्ये, कंपनीने इथली विक्री थांबवायचं ठरवलं. त्यानंतरही तीन वर्षं तळेगावात बनलेल्या बीट मेक्सिकोकडे जात राहिल्या. डिसेंबर २०२०मध्ये लाइन थांबली. एका चिनी कंपनीशी ठरलेला कारखानाविक्रीचा सौदा सरकारी परवानगीअभावी अडकून मोडला. कामगार नुकसानभरपाईसाठी न्यायालयात लढत राहिले, नव्या मालकाने आपल्याला कामावर घ्यावं अशी मागणी करत राहिले. २०२३मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला, आणि २०२५मध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झालं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना तळेगाव आलं की मी त्या मुलांचं वय मोजते. २००८ला विशीत लागलेला मुलगा लाइन थांबली तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. घराचा हप्ता चालू, मूल शाळेत, आणि हातात बारा वर्षांचा अनुभव. तेव्हा चाकणला ज्या जागा निघत होत्या त्या बहुतेक कंत्राटी होत्या, आणि तिथे पंचविशीच्या आतला माणूस हवा होता.