राहिलेले कर्तव्य व व्यर्थ चिंता

(लोणंद येथील उपदेशी मंडळींपुढे केलेल्या निरूपणाचा सारांश)

आजचा विषय आरंभू या. विषय साधा आहे, परंतु साधक असो की वासनिक, कोणासही तो सुटलेला नाही. जे करावयाचे ते आपण उद्यावर टाकतो आणि टाकलेल्या कामाची चिंता मात्र आज वाहतो. काम राहते ते राहतेच. वर मनाचे स्वास्थ्यही जाते. अशा अस्वस्थ मनाने स्मरणास बसले, तर ओठांवर नाम असते आणि चित्त राहिलेल्या व्यवहारात फिरत असते. म्हणून हा प्रश्न केवळ प्रपंचाच्या टापटिपीचा नाही. तो धर्माचाही आहे.

लोणंद हे कांद्याच्या बाजारपेठेचे गाव. हळवा कांदा व गरवा कांदा यांतील भेद येथे लहान मुलासही ठाऊक असतो. हळवा कांदा टिकत नाही. तो काढला की लवकर विकावा लागतो. गरवा नीट सुकवून वखारीत घातला, तर काही महिने राहतो. परंतु त्यालाही निवड लागते. आतून वास येऊ लागला असता शेतकरी वखारीबाहेर बसून नुसता हळहळत राहिला, तर एका नासक्या कांद्याचे दहा होतात. वखार उघडून जो हात घालतो, त्याचाच माल वाचतो.

आपली कर्तव्येही अशीच दोन प्रकारची आहेत. घराची डागडुजी थोडी मागेपुढे झाली तरी चालते. पण वृद्ध मातापित्यांची सेवा, भावाभावांतील अबोला मिटविणे, कोणाचे देणे फेडणे, वयोवृद्ध महंतांपाशी बसून पोथीतील शंका विचारून घेणे, ही हळवी कर्तव्ये होत. त्यांचा काळ गेला की ती करू म्हटले तरी करता येत नाहीत. आपण नेमके उलटे करतो. टिकाऊ कामे घाईने उरकतो आणि नाशिवंत कामे 'सवड मिळाली की पाहू' म्हणून ठेवून देतो. फलटण येथून किती जवळ! ती श्रीचक्रपाणी प्रभूंची अवतारभूमी. २०२१ साली तर पुण्याहून लोणंदमार्गे फलटणपर्यंत रेल्वेही सुरू झाली. तरीही 'जवळच तर आहे, केव्हाही जाऊ' असे म्हणत स्थानवंदनावाचून वर्षे घालविणारे आपल्यात आहेत. दूरचा यात्रेकरू येऊन जातो. जवळचा राहून जातो.

आता चिंतेचे स्वरूप पाहू. कित्येकांना वाटते की आपल्याला कामाची चिंता आहे, त्या अर्थी आपण कर्तव्यदक्ष आहोत. हा भ्रम होय. चिंता आणि अनुताप यांत मोठे अंतर आहे. अनुताप झालेला मनुष्य आपला दोष उच्चारतो, प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा विधीला लागतो. चिंता करणारा दोष मनात घोळवितो, त्याने थकतो आणि थकलो म्हणून आजही निजतो. अनुतापाने पाऊल पुढे पडते, चिंतेने ते जागीच खिळते. म्हणून चिंता ही आळसाची वैरीण नव्हे. ती त्याचीच बहीण आहे. चिंता केल्याने काहीतरी केल्यासारखे वाटते, आणि त्या समाधानातच खरे कर्म बुडते.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे काय झाले? कुळाचे काय होईल, पुढे काय ओढवेल, असा सर्व परिणामांचा भार त्याने कर्माआधीच डोक्यावर घेतला आणि हातातील धनुष्य खाली ठेवले. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी त्याचे कर्तव्य काढून घेतले नाही. फळाचा भार तेवढा उतरविला. भार उतरताच तोच हात पुन्हा धनुष्याकडे गेला.

आपल्या मार्गातील उदाहरण म्हाइंभटांचे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर, ज्यांनी लीळा डोळ्यांनी पाहिल्या ते सन्निधानीचे भक्त अजून होते. ते आहेत तोवरच संग्रह झाला पाहिजे, हे म्हाइंभटांनी ओळखले. एवढे अफाट कार्य आपल्याने पुरे होईल काय, या विचारात ते बसले नाहीत. ज्याने जी लीळा पाहिली त्याला ती विचारावी, भटोबासांकडून पारखून घ्यावी, लिहावी, मग पुढची विचारावी, असे एकेक करीत शके १२०० च्या सुमारास रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे खालशाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग श्रम व्यर्थ गेले काय? नाही. ज्यांनी त्या लीळा घोकल्या होत्या, त्यांनी आठवून त्या पुन्हा लिहिल्या. पोथी गेली, पण वेळेवर केलेले कर्म गेले नाही. म्हाइंभट एक पिढी थांबले असते, तर आठवावयास कोणापाशी काय उरले असते?

येथे कोणी म्हणेल, 'सर्व खरे. पण कामे संपतच नाहीत. एक केले की दुसरे उभे.' त्यांनी श्रीचक्रपाणी प्रभूंची द्वारकेतील क्रीडा आठवावी. हाती खराटा व सूप घेऊन ते द्वारकेच्या वाटा झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत टाकीत. झाडलेल्या वाटेवर दुसऱ्या दिवशी धूळ पडणारच. परमेश्वराच्या लीळेचे हेतू थोर आहेत. ते सारे आपल्या बुद्धीत मावणार नाहीत. आपण आपल्यापुरता बोध घ्यावा तो असा की, जे कर्म कधी संपत नाही तेही हीन नव्हे. आजची वाट आज झाडावी. उद्याच्या धुळीची चिंता आज करू नये, आणि उद्या धूळ पडणार म्हणून आजचा खराटा खालीही ठेवू नये.

म्हणून वासनिकांनी रात्री निजण्यापूर्वी राहिलेल्या कामांतून एकच हळवे काम निवडावे आणि सकाळी स्मरण होताच प्रथम त्यास हात घालावा. पुरे झाले नाही तरी जेवढे झाले तेवढे ईश्वरार्पण करावे व उरलेले दुसऱ्या दिवशी धरावे. साधकांनीही 'पुढे करू' म्हणून स्मरणाचा नेम, पोथीचा पाठ व थोरांपाशी शंकानिरसन मागे टाकू नये. आयुष्य किती उरले हे कोणाच्या हाती नाही. आजचा प्रहर मात्र आहे. तो चिंतेला न देता कर्तव्याला द्यावा. कर्तव्यातून मोकळे झालेले चित्तच परमेश्वरस्मरणी स्थिरावते.