साधनाने अंदाज बांधावा, पण कुठवर?

‘गिट चेकआउट डॉक्स’ असं लिहून एंटर मारलं तर काय होईल? उत्तर द्यायच्या आधी आजूबाजूला काय काय आहे ते पाहावं लागतं. डॉक्स नावाची ब्रँच आपल्याकडे असेल तर गिट तिच्यावर जातं. आपल्याकडे नसेल, पण एकाच रिमोटवर असेल, तर तिच्यावरून नवी स्थानिक ब्रँच काढून देतं. ब्रँच कुठेच नसेल आणि त्या नावाचं फोल्डर असेल, तर त्यातले अजून ॲड न केलेले बदल न विचारता पुसून टाकतं. किती फायली पूर्ववत केल्या, ते नंतर सांगतं!

यातला मधला अंदाज मला आवडतो. तो चुकला तर फार तर एक ब्रँच उडवावी लागेल. शेवटच्या प्रकारात मात्र दुपारभराचं काम जातं. दोन्ही एकाच आज्ञेत असणं हेच मूळ दुखणं. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ वेगळे झाले, तेव्हा ते बरंचसं मिटलं. स्विचला फोल्डरचं नाव दिलं तर ते अडतं, पुसत नाही. टॅगवर जायचं तर ‘डिटॅच’ असं स्वतः लिहायला लावतं. चेकआउट आधी नेऊन सोडतं आणि मग लांबलचक सूचना छापतं.

रिमोटवरून ब्रँच काढण्याचा अंदाज स्विचनेही ठेवला, ते योग्यच. पण मूळ प्रकल्पाचा दुसरा रिमोट जोडला आणि दोन्हींकडे डॉक्स असली, की काल चाललेली आज्ञा आज नकार देते. चिडचिड होते खरी, तरी मी गिटच्या बाजूने आहे. कोणता रिमोट धरायचा हे सेटिंगमध्ये आधीच लिहून ठेवता येतं, आणि माणसाने लिहिलेली निवड अंदाजापेक्षा केव्हाही बरी.

माझं भांडण आहे ते कमिट न केलेल्या बदलांवरून. बदललेली फाइल दोन्ही ब्रँचवर मुळात सारखीच असेल तर बदल मुकाट सोबत येतात. वेगळी असेल तर गिट थांबवतं. काहीच हरवत नाही, पण यातलं काय घडेल हे आधी सांगता येत नाही, आणि अर्धवट काम भलत्याच ब्रँचवर कमिट होतं. प्रत्येक वेळी आपोआप स्टॅश करणं हा उपाय मला पटत नाही. नजरेआड ठेवलेलं काम विसरलं जातं. बदल येऊ द्यावेत, पण ‘हे बदल सोबत आणले आहेत’ असं सरळ वाक्य छापावं. सध्या फाइलच्या नावाआधी नुसतं ‘एम’ हे अक्षर येतं, आणि घाईत ते कुणी वाचत नाही.